आमच्या घराचा आरोग्य-ताळेबंद

(संस्थेच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'कुटुंब, आरोग्य आणि व्यायाम' या विषयावर चार शब्द बोला अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही डॉक्टर नाही, आणि व्यायामपटू तर नाहीच नाही. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षे बसून आमचे पोट कुठवर आले आहे ते आपण सर्वजण पाहतच आहात. शिक्षण म्हणाल तर कला शाखेची पदवी, त्यातही इतिहास आणि मराठी वाङ्मय. परंतु सचिव साहेब म्हणाले, "गेल्या वर्षी तुमच्या घरी जे झालं, तेच सांगा." मग मात्र नाही म्हणवेना. कारण जे झाले ते वस्तीत सर्वांना अर्धेमुर्धे ठाऊक आहे, आणि अर्धेमुर्धे ठाऊक असलेल्या गोष्टीला पाय फार लवकर फुटतात. तेव्हा पूर्ण गोष्ट आमच्याच तोंडून ऐकावी, एवढीच विनंती.

बँकेचा ताळेबंद ३१ मार्चला होतो. आमच्या घराचा मे महिन्यापासून सुरू झाला.

आम्ही घरात पाच माणसे. सत्तरी ओलांडलेली आई, आम्ही उभयता, बावीस वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा. मुलाला पोलीस भरतीचे वेड. २०२४ च्या जूनमध्ये भरतीची मैदानी चाचणी सुरू व्हायची होती, म्हणून तो मे महिन्यात दोन्ही वेळ मैदानावर धावत असे. नागपूरचा मे म्हणजे काय, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. पहाटे पाचलासुद्धा भिंती गरमच असतात. सोळाशे मीटर म्हणजे मोठ्या मैदानाच्या चार फेऱ्या. मित्रांबरोबर पैज लावून, पाणी न पिता, रोज आदल्या दिवशीपेक्षा जास्त जोर लावायचा, असा यांचा सराव. एके दिवशी संध्याकाळी चौथ्या फेरीत त्याच्या मांड्या दगडासारख्या झाल्या आणि तो खाली बसला. मित्रांनी स्कूटरवर मध्ये बसवून घरी आणला. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात ऊन लागले म्हणून सलाईन लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. तेव्हा आमचे धाबे दणाणले आणि आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात नेले.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागद पाहिले, पत्ता पाहिला, मुलाला दोनचार प्रश्न विचारले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "घरात कुणाला सिकलसेल आहे का? कधी तपासणी झाली होती?"

आम्ही "नाही" म्हणालो.

बंधू-भगिनींनो, हे 'नाही' खोटे होते. ते तोंडातून बाहेर पडले त्याच क्षणी आम्हाला एक फाईल आठवली. रात्री घरी येऊन ती काढली. विम्याच्या पावत्या, वीजबिले, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, आणि त्यांच्यामध्ये २०१६ सालची एक चिठ्ठी. मुलाच्या शाळेत तपासणी शिबिर झाले होते. चिठ्ठीवर लिहिले होते, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह, पुढील तपासणीसाठी पालकांसह यावे. ती चिठ्ठी मुलाने आमच्या हातात दिली होती. आम्ही ती फाईलला लावली आणि कुणालाही काही सांगितले नाही. बँकेत पाच रुपयांचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत व्हाउचर तपासत बसणारा मनुष्य आपल्या पोटच्या पोराच्या रक्ताची चिठ्ठी आठ वर्षे विसरतो, याला विसरणे म्हणत नाहीत. आम्हाला भीती वाटली होती. मुलगा खेळता-खाता होता, मग कशाला उगाच नाव काढा, असे आम्ही स्वतःला समजावले. थोडी लाजही वाटली होती. ती कशाची, हे पुढे येईलच.

मुलाला तीन दिवसांनी घरी सोडले. भरपूर सलाईन आणि पाण्यामुळे मूत्रपिंडे वाचली. एचपीएलसी नावाच्या पक्क्या तपासणीचा अहवाल नंतर आला, तो 'एएस' असा.

आता हे एएस, एसएस काय आहे ते आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. त्याची कृती आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन प्रतींत मिळते. दोन्ही प्रती बरोबर असल्या तर एए. एक प्रत बदललेली असली तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असल्या तर एसएस, आणि तोच खरा आजार. त्यात प्राणवायू कमी पडला की गोल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडांत आणि पोटात असह्य वेदना, रक्त कमी होणे, कावीळ, वारंवार जंतुसंसर्ग. एएस माणूस मात्र आजारी नसतो. तो नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. फक्त दोन ठिकाणी त्याने जागे राहायचे. एक, लग्न ठरवताना. आणि दोन, प्रचंड शारीरिक ताण, ऊन आणि पाण्याची कमतरता ही तिन्ही एकत्र येतात तेव्हा.

ही दुसरी गोष्ट आमच्या मुलाने शिकवली. अमेरिकेच्या सैन्यातील हजारो जवानांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले की, एएस जवानांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त नाही, परंतु अतिश्रमाने स्नायू फुटून त्यातील द्रव्य रक्तात उतरण्याचा धोका काहीसा जास्त आहे. मुलाची लघवी काळी झाली ती यामुळेच. तिथल्या विद्यापीठीय क्रीडा संघटनेने तर २०१० पासून वरच्या गटातील खेळाडूंसाठी ही तपासणी लागू केली. खेळू नका असे ते म्हणत नाहीत. पाणी प्या, ताण हळूहळू वाढवा, दोन धावांमध्ये विश्रांती घ्या आणि स्नायू आखडले की थांबा, एवढेच म्हणतात. ती २०१६ ची चिठ्ठी घेऊन आम्ही वेळीच दवाखान्यात गेलो असतो, तर हे चार शब्द आम्हाला तेव्हाच कळले असते.

असो. खरी गोष्ट यानंतरची आहे.

मुलगा एएस निघाला म्हणजे आई-वडिलांपैकी निदान एकाकडून ते आलेले असणार. डॉक्टरांनी घरच्या सर्वांची तपासणी सांगितली. रक्त दिले आणि अहवाल यायला नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत पाहुण्यारावळ्यांनी निकाल लावून टाकला. आमच्या आत्याबाई भेटायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुनेच्या माहेरचं असन हे. पाहा ना, कशी पांढरीफटक दिसते. दोन जिने चढली की धापा टाकते." चुलतभावाने मान डोलावली. पत्नी आतमध्ये चहा टाकत होती आणि आमच्या घराला दाराऐवजी पडदा आहे. तिला सर्व ऐकू गेले. आम्हाला ती चिठ्ठी आठवत होती. आम्ही खालमानेने चहा प्यालो.

नवव्या दिवशी पाच कागद हातात आले. आई, एएस. आम्ही, एएस. मुलगी, एएस. मुलगा, एएस. पत्नी, एए.

पाच कागदांत एकच कागद स्वच्छ होता, असे आमच्या तोंडून निघून गेले, तर मुलीने तिथेच आम्हाला अडवले. "बाबा, बाकीचे मळके आहेत का?" आम्ही शब्द मागे घेतला. पत्नी काहीच बोलली नाही. तिने तो कागद घडी करून शिलाई मशीनच्या खणात ठेवला. रात्री भांडी झाल्यावर हात पुसत म्हणाली, "अजी, आत्याबाईले फोन लावा आता."

आम्ही लावला. आमच्याकडचे आहे, आमच्या रक्तातले, असे स्पष्ट सांगितले. आत्याबाई पलीकडून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग मीबी तपासू का रे?" त्यांनी तपासले. त्यांचा अहवाल त्यांचा आहे, आम्ही तो सांगणार नाही.

पण मग पत्नी पांढरीफटक का होती? याचे उत्तर त्याच दिवशीच्या दुसऱ्या कागदावर होते. हिमोग्लोबिन ७.९. स्त्रीचे १२ च्या खाली गेले की ती पंडुरोगी समजली जाते आणि ८ च्या खाली तो तीव्र समजतात. तिचा सिकलसेलशी काडीमात्र संबंध नव्हता. साधी लोहाची कमतरता होती. पाळीला जास्त रक्त जात होते, हे तिने आम्हाला तीन-चार वर्षांत एकदाही सांगितले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. स्टेजवरून पुरुषाने हे बोलावे का, असे काही भगिनींना वाटेल. पण न बोलण्याने काय होते ते आम्ही पाहिले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यातली एक आमच्या स्वयंपाकघरात उभी होती. सर्वांचे झाल्यावर ती जेवायला बसे, तेव्हा पातेल्यात भाजीचा रस्सा उरलेला असे. मटणाच्या दिवशी फोडी मुलाला, कारण तो भरतीचा. मग आम्हाला, कारण आम्ही नोकरीचे. हा क्रम कुणी ठरवला होता, कोण जाणे. आम्ही तर ठरवला नव्हता, पण कधी मोडलाही नव्हता.

तिच्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार झाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, ही साधी गोष्टही आम्हाला नवीन होती. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सर्वजण दीक्षाभूमीला गेलो होतो, तेव्हा ती आमच्या पुढे चालत होती आणि आम्ही मागून 'थांब जरा' म्हणत होतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द. एसएस रुग्णाचे रक्त कमी असते ते पेशी लवकर फुटल्यामुळे. त्यांना दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून देऊ नयेत. डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात, अनेकांना हायड्रॉक्सीयुरिया देतात. पाणी भरपूर प्यायचे, कडाक्याच्या थंडीपासून जपायचे, ताप आला की अंगावर काढायचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या आजारावरच्या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. पण त्याचा खर्च कोटींच्या घरात आहे, तेव्हा आपल्या वस्तीला तूर्त हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि पाण्याचा तांब्या हेच आधार.

आता आईबद्दल सांगतो. हे सांगताना आमचा आवाज अडखळला तर सांभाळून घ्यावे.

अहवाल घ्यायला आम्ही आईलाही बरोबर नेले होते. बाहेर बाकावर समुपदेशक ताई एक चित्रांचा तक्ता घेऊन सर्वांना समजावून सांगत होत्या. एका चित्रात लहान बाळाचे हात आणि पावले सुजलेली दाखवली होती. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या एसएस बाळांत पुष्कळदा हेच पहिले लक्षण दिसते, असे त्या सांगत होत्या. आई उठली, तक्त्याजवळ गेली आणि तिने त्या सुजलेल्या हातावर बोट ठेवले. "माह्या मोठ्याचे असेच झाले होते."

आमच्या आधी एक भाऊ होता, एवढे आम्हाला माहीत होते. १९७५ च्या पावसाळ्यात, दहा महिन्यांचा असताना तो गेला. त्याचे हातपाय सुजले, तो रात्र रात्र रडे, मग ताप आला आणि दोन दिवसांत खेळ आटोपला. वडील तेव्हा एम्प्रेस मिलमध्ये पाळीवर होते. कुणी वात म्हणाले, कुणी नजर. आमच्या आजीने मात्र सांगितले की हिच्या दुधातच दोष आहे. आई त्यानंतर आम्हाला पाजतानासुद्धा भीत होती, हे तिने त्या बाकावर बसून आम्हाला पहिल्यांदा सांगितले. आमचे वय ४७. एकोणपन्नास वर्षे ही बाई आपल्या दुधाला दोष देत आली होती.

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, आज खात्रीने सांगता येणार नाही. बाळाचे रक्त नाही, वडील कालकथित झालेले. पण लक्षणे तशीच वाटतात. आणि तसे असेल तर एक प्रत आईकडून गेली, दुसरी वडिलांकडून. एकट्या आईकडून एसएस होऊ शकत नाही, आणि दुधाचा तर काही संबंधच नाही. आई ऐकत होती. तिने डॉक्टरांना दोनदा विचारले, "दोघांकडून?" डॉक्टर दोन्ही वेळा "हो, आजी, दोघांकडून" म्हणाले.

मघाशी लाजेचा उल्लेख केला. आमच्या मनात कुठेतरी असे बसले होते की, हा 'आपल्या लोकांचा' आजार आहे, आणि तो कबूल करणे म्हणजे लोकांच्या हातात एक नवे कोलीत देणे. याला उत्तर आम्हाला इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखे वाचून शोधावे लागले. हा आजार वैद्यकशास्त्रात प्रथम नोंदला गेला १९१० मध्ये, शिकागोत. भारतात १९५२ मध्ये तो निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ मध्ये आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, आपल्याकडे गोंड, भिल्ल आणि कितीतरी समाजांत तो आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या जीवघेणा मलेरिया होता तिथे तो टिकला, कारण एएस बाळ त्या मलेरियातून जास्त वाचत असे. १९५४ मध्ये अ‍ॅलिसन नावाच्या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. म्हणजे आमच्या कुण्या पणजोबाला याच बदललेल्या प्रतीने जंगलतापातून वाचवले असेल. यात कमीपणा कसला?

मात्र एका लहान वर्तुळातच लग्ने होत राहिली की दोन एएस एकत्र येण्याचा संभव वाढतो. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या पुस्तिकेत जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. त्यांच्यासमोर रोग समाजाचा होता, रक्ताचा नव्हता. पण उपाय दोन्हींना लागू पडतो, हे पाहून आम्हाला गंमत वाटली.

मुलीच्या स्थळाची गोष्ट आता सांगतो. मुलीची परवानगी घेऊन सांगत आहोत.

ऑगस्टमध्ये चंद्रपूरकडचे एक स्थळ आले. मुलगा इंजिनिअर, घर सुशिक्षित, पसंती झाली. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, रिपोर्ट कशाला दाखवता, तिला काही आजार आहे का? नाही ना? मग झाले तर. आम्ही पुन्हा डळमळलो, हे कबूल केले पाहिजे. एकदा फाईलला लावलेला कागद दुसऱ्यांदा लावणे सोपे असते. पण मुलीने एका संध्याकाळी वहीच्या पानावर चार चौकोन काढून आमच्यापुढे ठेवले. एएस आणि एए यांच्या लग्नात एसएस बाळ होत नाही. एएस आणि एएस यांच्यात प्रत्येक गरोदरपणात चारात एक संभव एसएसचा, दोन एएसचे, एक एएचा. आणि हा संभव प्रत्येक वेळी नव्याने. पहिले मूल एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. आम्हाला तो हिशेब तसाच वाटत होता. तिने समजावले, "बाबा, दरवेळी चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात जातात." मग म्हणाली, "आजीला दूध वाईट म्हणाले, आईला माहेर वाईट म्हणाले. माझ्या वेळी काय म्हणतील, ते मला आधीच ऐकायचं आहे."

आम्ही रिपोर्ट घेऊन चंद्रपूरला गेलो. त्या मंडळींनी आदराने चहा दिला आणि नंतर दीड महिना काही कळवले नाही. वस्तीत जे बोलायचे ते बोलले गेलेच. एके दिवशी त्या मुलाने स्वतः आमच्या मुलीला फोन केला. त्याने तपासणी करून घेतली होती. तोही एएस होता. त्याच्या बहिणीचे मूल वेदनेने वारंवार दवाखान्यात असते, हे त्या घराने आजवर कुणाला सांगितले नव्हते. दोघे बराच वेळ बोलले. सोयरीक झाली नाही. दोघे एएस असले तरी लग्न करता येते आणि गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते, हे दोघांनाही माहीत होते. पण तो निर्णय घेण्याची त्यांची तयारी नव्हती आणि त्यांना दोष देणारे आम्ही कोण? त्या बहिणीने मुलासाठी अपंगत्व प्रमाणपत्राचा अर्ज केला, हे पुढे कळले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, ही माहिती आमच्या मुलीनेच तिला दिली होती. त्या घराशी आमचे येणे-जाणे राहिले आहे. मुलीचे लग्न अद्याप ठरलेले नाही. ती खाजगी कंपनीत हिशेब सांभाळते आणि आमच्यापेक्षा चांगला सांभाळते.

यावरून आम्ही कार्यकारिणीकडे एक सूचना घेऊन गेलो होतो की, आपल्या वधू-वर परिचय पुस्तिकेच्या अर्जात उंची, वर्ण, शिक्षण, पगार असे रकाने आहेत, तसा एक सिकलसेलचाही असावा. कारकुनाला प्रत्येक दुखण्यावर रकाना हेच औषध सुचते. मुलीने ती सूचना मोडीत काढली. "छापलंत तर मुलांचा रकाना कुणी वाचणार नाही, आणि मुलींचा सगळे वाचतील." तिचे म्हणणे आम्हाला पटले. म्हणून आता आमची सुधारित सूचना अशी आहे की, काहीही छापू नये. पसंती झाल्यावर आणि साखरपुड्याची तारीख काढण्यापूर्वी, दोन्ही घरांनी आपापसांत रिपोर्टांची देवाणघेवाण करावी, आणि मुलाकडच्यांनी आधी द्यावा. या शेवटच्या वाक्यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत. ते असू द्यावेत, पण वाक्य राहावे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे लक्ष्य. त्याचा भर प्रामुख्याने आदिवासी भागावर आहे, आणि ते योग्यच आहे. शहरातल्या आपल्या वस्तीने बोलावण्याची वाट पाहू नये. सरकारी रुग्णालयात जावे, रांग असते, रांगेत उभे राहावे.

व्यायामाचे राहिलेच. विषयाच्या शीर्षकात तो होता म्हणून सांगतो. घरच्यांच्या तपासणीत आमची स्वतःची साखरही सापडली. हे एक फुकटचे व्याज म्हणा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी काही यंत्रांवर एएस माणसात चुकीचा आकडा देऊ शकते, म्हणून आमचे डॉक्टर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही पाहतात. मधुमेही बांधवांनी आपण एएस असल्यास हे डॉक्टरांना जरूर सांगावे. पहाटे आम्ही कुटुंबासह चालायला जातो. मुलगा पुढे धावतो, परंतु आता कमरेला पाण्याची बाटली असते, दोन धावांच्या मध्ये तो बसतो, आणि मे महिन्यात संध्याकाळचे मैदान त्याने सोडून दिले आहे. सोळाशे मीटर तो पावणेसहा मिनिटांत करतो. पत्नी मुलीबरोबर चालते. आई गेटपर्यंत येते आणि आमच्या फेऱ्या मोजते. ती मोजण्यात चूक करत नाही, त्यामुळे आम्हाला लबाडी करता येत नाही.

त्या जुन्या फाईलचे काय झाले, तेही सांगतो. आम्ही ती मोडली आणि एक जाड रजिस्टर आणले. प्रत्येकाचे एक पान. नाव, जन्मसाल, रक्तगट, सिकलसेल अहवाल, हिमोग्लोबिन, साखर, तारीख. रजिस्टर टीव्हीखाली ठेवलेले असते, कुलूप नाही. गेल्या महिन्यात रविवारी आम्ही ते भरत बसलो होतो तेव्हा आई म्हणाली, "मोठ्याचं पान कुठं आहे?" आम्हाला क्षणभर कळले नाही. मग आम्ही एक पान घेतले. नाव विचारले. आमच्या भावाचे नाव आम्हाला ४७ वर्षांत माहीत नव्हते, ते तिने सांगितले. जन्मसाल लिहिले. रक्तगटापुढे रेघ ओढली. सिकलसेल अहवालाच्या रकान्याशी आमचा पेन थांबला. तपासणी झालेली नाही, तिथे काय लिहिणार?

आई म्हणाली, "लिही, दोघांकडून."

आम्ही तसे लिहिले.

पुढच्या रविवारी सकाळी ८ वाजता याच सभागृहातून तपासणीसाठी जाणाऱ्यांची यादी महिला मंडळाच्या भगिनी करणार आहेत. पुरुषांनीही नावे द्यावीत.